घाटाखालचा मळा आणि घाटावरचा बाजार



आपल्या बेळगावच्या भाजीबाजारात भल्या पहाटे ज्यांचा दिवस उगवतो, त्यांना आमचे म्हणणे नवे वाटणार नाही. कोबी, टोमॅटो, कांदा, बटाटा यांनी भरलेल्या गाड्या रोज चोर्ला घाट उतरतात आणि साखळीवरून डिचोली तालुका ओलांडून गोव्याच्या गावोगावी पोहोचतात. त्या रस्त्याच्या दुतर्फाही शेते आहेत आणि ती कसणारी माणसेही आहेत. पण त्यांच्या दारावरून भाजी जाते, त्यांची भाजी मात्र बाजारात जात नाही. या विसंगतीविषयी चार शब्द बोलावेत, एवढाच आजचा हेतू.

गोव्याचे ताट परक्या परड्यातील भाजीवर अवलंबून असणे ही आजची गोष्ट नव्हे. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा तेथे बटाटा हॉलंडहून, भाजी व तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून आला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढे अठ्ठावन्न वर्षांनी, मार्च २०२० मध्ये महामारीची टाळेबंदी आली, सीमेवर गाड्या खोळंबल्या आणि गोव्यातील घराघरांत भाजीची ओढाताण सुरू झाली. राज्यकर्ते बदलले, सत्तेचे नाव बदलले. परंतु वाट अडली की चूल अडते, हे काही बदलले नाही.

मग पेडणे-डिचोलीची भूमी नापीक आहे काय? मुळीच नाही. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. भात निघाल्यावर ओलीवर अळसांदे पिकतात. पावसाळ्यात डोंगरउतारावर भेंडी, काकडी, दोडकी, चिबूड यांचे वेल पसरतात. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत माटोळीचा बाजार पाहावा! गणरायाच्या डोक्यावर टांगावयाची फळे, कंदमुळे, रानातली पाने घेऊन गावोगावच्या बायाबापड्या बसलेल्या असतात, आणि घासाघीस न करता गिऱ्हाईक पैसे मोजते. वर्षातून ते चार दिवस शेतकऱ्याचे. उरलेले दिवस कोणाचे, हा आमचा प्रश्न आहे.

शेतीला तीन गोष्टी लागतात : जमीन, पाणी आणि बाजार. जमिनीचा प्रश्न १९६४ च्या कूळ कायद्याने हाती घेतला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास मालक ठरविले, निदान कायद्याच्या पानावर तरी. पाण्यासाठी १९९० साली महाराष्ट्र व गोवा यांचा तिळारीचा करार झाला. धरण दोडामार्गात, पण पाण्याचा जवळजवळ ७३ टक्के वाटा गोव्याचा, आणि त्याचे कालवे पेडणे, डिचोली व बार्देश यांच्याकडे वळलेले. तिसऱ्या गोष्टीची मात्र तितकी काळजी कोणी वाहिली नाही.

लहान शेतकऱ्याची अडचण साधी आहे. त्याच्याजवळ एका खुड्यात वीस-तीस किलो भेंडी निघते. तेवढ्यासाठी टेम्पो परवडत नाही. डिचोलीचा बुधवार, पेडण्याचा गुरुवार किंवा म्हापशाचा शुक्रवार गाठावा, तर भेंडी बाजाराचा वार पाहून वाढत नाही. ऊन चढले की माल मान टाकतो आणि दुपारी व्यापारी बोलेल तो भाव पदरात घ्यावा लागतो. भाजीला थांबता येत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही थांबता येत नाही. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव सांगता येत नाही.

गोव्याचे फलोत्पादन महामंडळ ठिकठिकाणच्या गाड्यांवरून सवलतीत भाजी विकते, स्थानिक मालही घेते. हे कार्य स्तुत्यच आहे. पण तेथील बराचसा माल घाटावरचाच असतो. म्हणजे सवलत गिऱ्हाइकाला मिळते आणि त्या स्वस्त भावाशी रस्त्याकडेला बसलेल्या गावच्या बाईला झुंजावे लागते. सवलतीचा काही भाग पिकवणाऱ्याच्या बांधापर्यंत का पोहोचू नये? चार-पाच गावांमागे एक संकलन केंद्र, खरा काटा, सकाळी फळ्यावर लिहिलेला भाव, प्रतवारी, एक थंड कोठी आणि आठवड्याच्या आत हाती पैसा, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. बंगळुरात १९५९ साली द्राक्ष-बागाइतदारांनी सहकारी संस्था काढली. तीच पुढे हॉपकॉम्स झाली. आंध्रात १९९९ पासून रयतु बाजारात शेतकरी स्वतः माल विकतो. तेव्हा हे स्वप्नरंजन नव्हे.

तरुणांची गोष्ट याहून निकडीची. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीतील ट्रकवाल्यांची चाके जागच्या जागी रुतली. पुढे काही खाणी सुरू झाल्या. पण भूगर्भातील धन एकदाच विकता येते, हा धडा पुसला जाऊ नये. पेडण्यात २०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाला. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर हॉटेले आहेत. त्यांना रोज, एकसारखा, निवडलेला माल हवा. एकेकट्या शेतकऱ्याला तो देता येणार नाही. तेथे वजन, हिशेब, वाहतूक आणि वेळ सांभाळणारी शिकलेली मुले हवीत. विमानतळाच्या दाराशी नोकरीचा अर्ज घेऊन उभे राहणे हा एक मार्ग; त्याच दारातून गावची मिरची आत नेणे हा दुसरा.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील, "गोवा भाजी पिकवू लागला, तर आमच्या बाजाराचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेणार नाही. काही गिऱ्हाईक कमी होईल. परंतु कांदा, बटाटा, कोबी यांना घाटावरची हवा व माती मानवते. ती मागणी एकाएकी आटणार नाही. शिवाय बेळगाव-खानापूरच्या लहान शेतकऱ्याचे दुखणे तरी काय वेगळे आहे? तोही अडत, हमाली, तोलाई मोजतो आणि पट्टीवरचा आकडा निमूट वाचतो. घाटाखालचा शेतकरी दुबळा राहिल्याने घाटावरचा सबळ होत नाही. दोघांच्या दुबळेपणावर तिसराच पोसतो.

म्हणून आमची विनंती एवढीच : गाडी घाट उतरेल तेव्हा ती रिकामी परत येऊ नये. जाताना आपला कोबी न्यावा, येताना हरमलची मिरची आणि डिचोलीचे चिबूड आणावे. बाजार दुहेरी झाला, तरच तो दोघांचा होईल.