जमिनीखालची बोली

रोमला गेलेला प्रवासी दिवसभर मान वर करून हिंडतो. घुमट, कमानी, खांब. चौथ्या दिवशी माझी मान आखडली, तेव्हा म्हटलं, आता जरा खाली बघू. या शहरात जुनं बुजवायचं आणि त्याच्याच भिंतींवर नवं उभारायचं, असं शतकानुशतकं चाललं. त्यामुळे एका रोमखाली दुसरं रोम आहे.

आदल्या दिवशी कॅटाकोम, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमी, पाहिल्या होत्या. तिथला दगड खोदताना मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. म्हणून तर एवढे लांबलांब बोगदे निघाले. पण तिथं गाइडच्या मागं मेंढरांसारखं पळावं लागतं. थांबून बघावं म्हटलं तर मागचे ढकलतात.

सॅन क्लेमेंतेचं चर्च मात्र आपलं आपण बघता येतं. कोलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटं. वरचं चर्च बाराव्या शतकातलं. फादर जोसेफ मुलूली या आयरिश धर्मगुरूंनी १८५७ मध्ये खाली खोदायला घेतलं, तेव्हा मातीनं भरलेलं चौथ्या शतकातलं चर्च हाती लागलं. त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि मिथ्रास देवाचं गुहेसारखं ठेंगणं मंदिर. तिकीट काढायचं आणि जिना उतरायचा. हवा गार होत जाते, भिंतींना ओल येते. अगदी तळाशी पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. १९१२ ते १९१४ या काळात सुमारे सातशे मीटरचा बोगदा खणून हे पाणी रोमच्या प्राचीन मोठ्या गटारात सोडलं, तेव्हा कुठं तळ मोकळा झाला.

तळ बघून परतताना मी मधल्या चर्चमध्ये एका भित्तिचित्रासमोर अडकलो. अकराव्या शतकाच्या अखेरचं, बरंचसं पुसट. गोष्ट अशी, की सिसिनियस नावाचा सरदार संत क्लेमेंटला पकडून आणायला नोकरांना सांगतो. नोकरांना भूल पडते आणि ते संत समजून दगडी खांबच ओढू लागतात. गंमत म्हणजे कोण काय बोललं ते त्या त्या माणसाजवळ लिहिलंय. संत बोलतो लॅटिनमध्ये. सरदार मात्र रोमच्या गल्लीतल्या बोलीत नोकरांना आईवरून शिवी देतो आणि म्हणतो, ‘ओढा!’ शिवी मी रेडिओवर उच्चारू शकत नाही. पण इटालियन बोलीचा हा सर्वांत जुन्या लेखी नमुन्यांपैकी एक मानला जातो. आपल्याकडं तरी वेगळं काय? परळच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात दानाचा मजकूर संस्कृतात, आणि दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी मराठीत!

माझे अब्बा लातूरच्या आडतीवर हमाल होते. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण चढावर हातगाडा अडला की अब्बा ओरडायचे, ‘ओढा रे!’ आणि त्यापुढं बरोबर तीच शिवी, अस्सल मराठीत. गाड्याला मागून हात लावणारा मी आठ-नऊ वर्षांचा. माझ्या कानावर मराठी पहिल्यांदा पडली ती अशी. शाळा नंतरची.

पुढं बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. संमेलनात कुणी म्हणायचं, ‘मुसलमान असून किती शुद्ध मराठी!’ मी हसून आभार मानायचो. हे कौतुक ऐकण्यासाठी मी आडत, गाडा, घाम, सगळं कवितेबाहेर ठेवलं. चार संग्रह निघाले, एकातही अब्बांचा आवाज नाही. आता अब्बाही नाहीत. त्या ओल्या भिंतीसमोर मला हे उमगलं आणि खरं सांगतो, लाज वाटली. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या रंगाऱ्याला चर्चच्या भिंतीवरसुद्धा शिवी पुसावीशी वाटली नव्हती.

माझा किती वेळ गेला कळलं नाही. बायकोचे गुडघे दुखतात, म्हणून ती वरच बाकावर बसून होती. वर आल्यावर तिला चित्राची सगळी गोष्ट सांगितली. शिवीसकट. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि म्हणाली, ‘‘इत्ते दूर आको गाल्यांच पढे क्या?’’