संगणकशास्त्राच्या स्पर्धापरीक्षा आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



बक्षीस-वितरणापूर्वी मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. तो म्हणजे संगणकशास्त्राच्या स्पर्धापरीक्षांची तयारी. उभा जन्म पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेल्या एका मॅट्रिक मास्तराने या विषयावर बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. संगणकशास्त्र मला येत नाही आणि येते असा आव मी आणणार नाही. परंतु अभ्यास कसा जमतो आणि कसा मोडतो, हे मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिले आहे. शिवाय आळीतील मुलांजवळची नियमपत्रके आणि जुन्या प्रश्नपत्रिका मी चष्मा लावून बारकाईने वाचल्या आहेत. त्या वाचनाने माझे एक मत बनले, तेच आज आपणांपुढे ठेवतो. ते असे की, ही परीक्षा यंत्राहून विचाराची अधिक आहे. तिला लागतात वेळ, शांतता आणि सोबत. आणि या तिन्ही गोष्टी देणे आपल्या आवाक्यात आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. आपण मूळचे वाडीचे आणि भाताचे लोक. पानवेल, केळी, भाजी आणि पाऊसकाळी लावणी, यांवर आपले प्रपंच चालले. १९६९ साली तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. पुढे २००५ व २००६ साली अणुकेंद्राचे आणखी दोन विभाग सुरू झाले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. जमीन या प्रदेशाने दिली. परंतु आत अधिकारी म्हणून जे गेले ते बहुतांशी दूरदूरच्या प्रांतांतून आले, आणि आपल्यापैकी अनेक जण कंत्राटदाराचा पास खिशात घालून गेले. याचा विषाद अनेकांच्या मनात आहे आणि तो खोटा नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अधिकाऱ्यांची निवड गावावरून होत नाही. ती अखिल भारतीय परीक्षेने होते. कारखाना दाराशी असला, तरी त्याचे दार परीक्षेत असते.

त्या परीक्षेला मुले 'गेट' म्हणतात. हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे रूप असले, तरी शब्द मोठा समर्पक पडला आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरांची ही परीक्षा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आय. आय. टी. आळीपाळीने घेतात. हिच्या गुणांवर आय. आय. टी.मध्ये एम. टेक.ला प्रवेश मिळतो आणि तेथे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. अणुवीज महामंडळ यांत्रिकी, विद्युत, रसायन इत्यादी शाखांचे प्रशिक्षणार्थी याच गुणांवरून मुलाखतीस बोलाविते. संगणकाच्या मुलांसाठी तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्याची प्रशिक्षणशाळा १९५७ सालापासून चालत आली असून, तेथे शिरण्यासाठी 'गेट'चे गुण, आणि त्यानंतर कसून मुलाखत, असा क्रम आहे. ज्यांना लवकर नोकरी हवी त्यांनी पुण्याच्या सी-डॅक संस्थेची 'सी-कॅट' पाहावी. बी. एस्सी. किंवा बी. कॉम. झालेल्यांना, पुरेसे गणित झाले असल्यास, एम. सी. ए.ची राज्यस्तरीय प्रवेशपरीक्षा आहे. प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांना 'नेट' आणि पुणे विद्यापीठाची 'सेट' आहे. वाटा अनेक आहेत. परंतु पाया बव्हंशी एकच असल्याने मी 'गेट'चेच उदाहरण घेतो.

ही विद्या आपल्याला परकी आहे असेही समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच देशातील लोकांनी बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९९१ साली पुण्यात 'परम' हा महासंगणक सिद्ध झाला. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या लहानशा गावचे.

आता प्रश्नपत्रिकेचे स्वरूप पाहा. वेळ ३ तास, प्रश्न ६५, गुण १००. म्हणजे एका प्रश्नाला पुरती ३ मिनिटेही मिळत नाहीत. १०० पैकी १५ गुण भाषा, अंकगणित आणि तर्क यांना आहेत. सुमारे १३ गुण गणिताला आहेत. उरलेल्या ७२ गुणांत संगणकाचे विषय येतात. याचा अर्थ असा की, चौथ्या हिश्श्याहून अधिक गुण निव्वळ कागद-पेन्सिलीचे आहेत. आणि उरलेले विषयही पाहिले, तर तेथेही हिशेब आणि युक्तिवादच अधिक आहे.

दोन उदाहरणे देतो. १, २, ४, ८ आणि १६ शेरांची पाच वजने दुकानदाराजवळ असली, तर १ पासून ३१ शेरांपर्यंत कोणताही पूर्ण शेरांचा माल तो तोलू शकतो. प्रत्येक वजन पारड्यात आहे किंवा नाही, एवढ्या दोनच स्थितींतून सारे आकडे निघतात. संगणकाची द्विमान पद्धती ती हीच. दुसरे उदाहरण शब्दकोशाचे. १,००० पानांच्या कोशात एखादा शब्द शोधायचा आहे. पुस्तक मधोमध उघडावे, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहावे, आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे. १० वेळा असे केले की नेमके पान हाती येते. पाने १० लाख असली, तरी सुमारे २० वेळाच उघडावे लागते. मुले ज्याला 'अल्गोरिदम' म्हणतात, त्या विषयाचा हा श्रीगणेशा आहे. पावकी-निमकीचे पाढे ज्या घरांत घोकले गेले, त्या घरातील मुलांना हे अगम्य का वाटावे? अवघड पुढे पुष्कळ आहे; परंतु ते याच रस्त्यावर आहे.

तयारीची रीत सांगतो. प्रथम अधिकृत अभ्यासक्रम छापून भिंतीवर चिकटवावा. गणित धरून त्यात मोठे असे दहाएक विषय आहेत. परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात भरावे लागतात. म्हणून आदल्या फेब्रुवारीतच आरंभ करावा. रोज ३ तास धरले आणि ३०० दिवस नेमाने बसले, तर ९०० तास होतात. पहिल्या सात महिन्यांत विषय मुळातून वाचावेत. पुढील तीन महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका विषयवार सोडवाव्यात. अखेरचे दोन महिने घड्याळ लावून सबंध तीन-तीन तासांच्या परीक्षा द्याव्यात. जवळ एक 'चुकांची वही' ठेवावी आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक कारण लिहावे : माहीत नव्हते, माहीत असून विसरलो, किंवा घाई केली. पहिल्यावर उपाय वाचन, दुसऱ्यावर उजळणी, तिसऱ्यावर सराव. औषध देण्यापूर्वी वैद्य नाडी पाहतो, तशी ही वही.

उणे गुणांविषयी मुलांमध्ये फार भय आहे. त्याचा हिशेब करून पाहू. चार पर्यायांपैकी एकच बरोबर असलेला एक गुणाचा प्रश्न चुकला, तर एक-तृतीयांश गुण कापला जातो. दोन गुणांचा चुकला, तर दोन-तृतीयांश. आता एकेका गुणाच्या १२ प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून ठोकली, तर सरासरीने ३ बरोबर येतील आणि ९ चुकतील. ३ मिळाले, ३ गेले, हाती शून्य. परंतु प्रत्येक प्रश्नातील एक पर्याय निश्चित चूक आहे हे कळले, तर १२ पैकी ४ बरोबर येतील. ४ मिळतील आणि पावणेतीनाहून थोडे कमी जातील. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही किंमत आहे. निव्वळ जुगाराला नाही. याखेरीज ज्यांत उत्तराचा आकडा स्वतः भरायचा असतो, किंवा एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, अशा प्रश्नांना उणे गुण नाहीत. ते कोरे सोडणे हा आळस होय.

आता पैशाचा प्रश्न. पालघर-बोईसरच्या मुलांनी मोठ्या शहरात खोली घेऊन, लाखभर रुपये भरून क्लास लावल्याखेरीज निभाव लागत नाही, अशी समजूत पसरली आहे. क्लासने काहींना शिस्त लागते, हे मी नाकारीत नाही. परंतु आय. आय. टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एन्‌पीटेल' या योजनेतून मोबाईलवर विनामूल्य ऐकावयास मिळतात. जुन्या प्रश्नपत्रिकाही परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. राहता राहिले ग्रंथ. मुले ज्यांना 'कॉर्मेन', 'गॅल्विन', 'टॅननबॉम' आणि 'मॅनो' या लेखकांच्या नावांनीच ओळखतात, ते महाग आहेत. परंतु ते ग्रंथालयाचे काम आहे. भाषेची अडचण मात्र खरी आहे, कारण प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. तरी तिच्यातील इंग्रजी कादंबरीचे नव्हे. तेच तेच काही शे शब्द फिरून फिरून येतात. मराठी शाळेतील मुलाने रोज दहा शब्दांचा नेम धरला, तर दोन-तीन महिन्यांत ही भिंत पडते.

याहून मोठी अडचण घरात असते आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. मुलगा पदवीधर झाला की शेजारी विचारतो, "काय, लागला का कुठे?" वसाहतीत पाळीची नोकरी मिळते आहे, आणि हा पोरगा पुस्तक घेऊन बसला आहे, हे बापाला सलते. ज्या घरात चूल त्या पगारावाचून पेटत नाही, त्या घराला मी उपदेश करणार नाही. त्या मुलाने नोकरी धरावी आणि पहाटेचे दोन तास राखावेत. या परीक्षेला वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. परंतु ज्या घरांना एक वर्ष झेपते, त्यांनी ते मुलाला टोमण्यांवाचून द्यावे. २०१३ सालापासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली हे खरे. तरी पालघरहून चर्चगेट सुमारे दोन तासांचे. जाऊन-येऊन चार तास गर्दीत उभ्या राहिलेल्या मुलाला घरी आल्यावर दूरदर्शनच्या गोंगाटात बसवून 'अभ्यास कर' म्हणणे, हा न्याय नव्हे.

आणि मुलींच्या बाबतीत तर अन्याय दुप्पट आहे. मुलगा तयारीला बसला तर त्याला चहा नेऊन देतात. मुलगी बसली तर तिला चहा करायला उठवितात. बावीस-तेवीस वर्षांची झाली की स्थळे येऊ लागतात आणि ऐन डिसेंबरात पाहण्याचे कार्यक्रम ठरतात. मातांनो, स्थळ वैशाखात पुन्हा येईल. फेब्रुवारीची परीक्षा एक वर्ष मागे जाईल. एवढे तारतम्य राखावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मी खोटी आशाही दाखविणार नाही. अलीकडे संगणकशास्त्राच्या पेपराला दरवर्षी लाखाहून अधिक विद्यार्थी बसतात. सर्वसाधारण गटासाठी उत्तीर्णतेची रेषा २०२३ साली ३२.५ आणि २०२४ साली २७.६ गुणांवर होती. रेषा इतकी खाली असूनही बहुसंख्य विद्यार्थी ती ओलांडीत नाहीत, आणि चांगल्या संस्थेत प्रवेश हवा तर तिच्या पुष्कळ वर जावे लागते. म्हणून आरंभीच मर्यादा ठरवावी : दोन प्रयत्न मनापासून, त्यानंतर दुसरी वाट. तो अभ्यास वाया जात नाही, कारण कंपन्यांच्या मुलाखतींत हेच विषय विचारले जातात.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आज आपण गुणवंतांना शाल आणि श्रीफळ देणार आहोत. त्यात प्रेम आहे. परंतु हे कौतुक यश मिळाल्यावरचे झाले. हाताची गरज त्यापूर्वीच असते. मंडळाच्या सभागृहामागची खोली वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. तेथे दहा टेबले, चांगला उजेड, इंटरनेटची जोडणी आणि वर सांगितलेल्या ग्रंथांच्या दोन-दोन प्रती ठेवाव्यात. खोली पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघडी असावी. आपले जे तरुण या क्षेत्रात नोकरीस आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन मुलांच्या शंका सोडवाव्यात. एकटा मुलगा तिसऱ्या महिन्यात थकतो. चौघे असले की एकमेकांना उठवितात. ज्यांना परीक्षेचे शुल्क जड जाते, त्यांचे शुल्क शिक्षणनिधीतून भरावे. आणि एक अट घालतो : खोली ज्ञातीच्या पैशाने होईल, परंतु तिचे दार शेजारच्या कोळी, आदिवासी आणि इतर सर्व मुलांना उघडे असावे. अखिल भारतीय परीक्षेत ज्यांना लाखांत उभे राहायचे आहे, त्यांनी आपल्याच गावात कुंपण घालून बसू नये.

माझ्या पेन्शनीतून पहिल्या टेबलाचा खर्च मी आजच चिटणीसांकडे देत आहे. उरलेली नऊ टेबले या सभेने मनावर घ्यावीत, एवढेच मागतो.