वेळ कोणाचा?

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवात केलेले भाषण)



परमुलुखात पन्नास वर्षे संस्था चालविल्याबद्दल अभिनंदनाची भाषणे आधीच्या वक्त्यांनी केलीच आहेत. आमच्या वाट्याला विषय आला आहे तो संगणक-उद्योगाचा. बेंगळुरूतील आपल्या कितीतरी घरांची चूल याच उद्योगावर पेटते. तेव्हा त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

या उद्योगाचे ऋण आम्हांस मान्य आहे. १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस काढली आणि १९८३ साली ती बेंगळुरूस आली. वाडवडिलांची पेढी पाठीशी नसताना केवळ बुद्धीच्या बळावर कारखानदारी उभी राहू शकते, हे त्यातून देशाला दिसले.

परंतु तिचेच एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्यास ७० तास कामाचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे उद्गार गाजले. रविवारीही काम करवून घेता आले असते तर बरे, असे त्यांचे म्हणणे होते. ९० तास म्हणजे सातही दिवस जवळजवळ १३ तास! त्यात या शहरातील जाण्यायेण्याची भर घातली, तर घर केवळ निजण्यापुरते उरते. संस्थापकाचे श्रम त्याच्या मालकीत साठत जातात. पगारी माणसाच्या जादा तासांची बहुधा नोंदही होत नाही. दोघांना एकच उपदेश करणे आम्हांस अन्याय्य वाटते.

ज्या रविवारावर आज डोळा आहे, तो कोणी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. आपली मुले मात्र स्वतःस कामगार म्हणवून घ्यायला लाजतात. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात या उद्योगातील कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठविला तो कर्मचाऱ्यांच्या संघटनेने. आपल्यापैकी किती घरांत त्या संघटनेचा एक तरी सभासद आहे?

कामातून उरलेला वेळ पडद्यावरचे खेळ घेतात. खेळाशी आमचे वैर नाही. बुद्धिबळाचा पट पडद्यावर मांडला म्हणून तो बाटत नाही. आमचा राग पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली. म्हणजे आधी जुगारावर कर घेतला आणि मग तो जुगार असल्याचे ध्यानी आले! बंदी आम्हांस मान्य आहे. उशीर मान्य नाही. परंतु दिवसभर आईबाप कचेरीत आणि रात्री कचेरीच्या फोनवर असतील, तर मुलाने खेळावे तरी कोणाशी? याचे उत्तर कोणताही कायदा देणार नाही.

आता राजकारण. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणाऱ्या विधेयकास संमती दिली आणि उद्योगपतींनी ओरड करताच ते दोन-तीन दिवसांत बाजूस ठेवले. आपल्या घरांत त्या वेळी मोठा संताप झाला. पण हीच मागणी मुंबईत झाली की आपण टाळ्या वाजवितो! येथे एक न्याय आणि तेथे दुसरा, हे शोभत नाही. इतकी वर्षे येथले अन्न खाऊन ज्यांना कन्नड बोलता येत नाही, त्यांनी ते शिकावे. त्यासाठी कायद्याची वाट पाहू नये. स्थानिक आणि परका यांच्या भांडणात तासांचा प्रश्न मागे पडतो, आणि तास तर दोघांचेही जातात. कन्नड सहकाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून तो प्रश्न विचारावा, असे आमचे मत आहे.

हे मंडळ संध्याकाळच्या मोकळ्या वेळावर उभे राहिले. नाटकाच्या तालमी, गणेशोत्सवाच्या बैठका, मुलांचे मराठीचे वर्ग, सारे काही कोणीतरी कचेरीतून वेळेवर घरी आल्यामुळे झाले. ती संध्याकाळ गेली, तर शतक महोत्सव कोण करणार? तिचे रक्षण करा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.