मातृत्व आणि वय

बाळंतपण सगळ्या बायकांचे सारखेच, अशी समजूत घरोघरी आढळते. ‘आम्हांलाही मुले झालीच की,’ हे वाक्य प्रत्येक गर्भवतीच्या कानी पडते. परंतु गर्भाचा भार वाहणारे शरीर कोणत्या वयाचे आहे, यावर त्या भाराचे स्वरूप अवलंबून असते.

महाराष्ट्राला याचे एक करुण उदाहरण ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षी झाला; चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय जन्मला. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पदवी मिळविली, तेव्हा प्रबंधाचा विषयही त्यांनी प्रसूतिशास्त्रातलाच निवडला होता. पुढे १९२९ च्या कायद्याने वधूचे किमान वय १४ ठरले, आणि १९७८ साली ते १८ झाले.

दमणगंगेकाठच्या सिल्वासात आज तीन वयांच्या माता शेजारशेजारच्या खाटांवर दिसू शकतात. पहिली पाड्यावरची, एकोणीस वर्षांची. तिचे स्वतःचेच अंग अजून पुरते भरलेले नसते. त्यात रक्तक्षय असला, तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. या प्रदेशातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून दोघांचीही तपासणी हवी.

दुसरी पंचविशीतली. शरीराच्या दृष्टीने हा काळ सर्वांत अनुकूल. परंतु कारखान्याच्या कामासाठी पती दूरदेशाहून आलेला असेल, तर तिचे माहेर शेकडो कोस लांब राहते. बाळंतिणीला शेकशेगडी करणारे, रात्री मूल घेऊन बसणारे कोणी नसते. तिची उणीव मनुष्यबळाची असते.

तिसरी चाळिशीच्या उंबरठ्यावरची. तिच्या ठायी अनुभव असतो, धीर असतो, बहुधा पैशाचीही सोय असते. परंतु रक्तदाब आणि गर्भकाळातील मधुमेह या वयात अधिक आढळतात. डाऊन सिंड्रोमचे प्रमाण मातेच्या पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० बाळांमागे एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० मागे एक असे असते. तिने घाबरून जाऊ नये. तपासणीला मात्र आरंभापासून जावे. बाळंतपणानंतर तिला थकवा अधिक जाणवतो, आणि मदतीला येणारी तिची आईही तोवर वृद्ध झालेली असते.

मूल झाल्यावरही भेद सरत नाहीत. तरुण मातेला बळ असते, पण घरात शब्द नसतो. दवाखान्यात केव्हा जावे, हे दुसरेच ठरवितात. प्रौढ मातेला शब्द असतो, पण ‘एवढ्या वयात रडतेस काय?’ म्हणून तिची उदासी हसण्यावारी नेली जाते. दोन्ही ठिकाणी विलंब घातक ठरतो. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया आणि वाहन २०११ पासून विनामूल्य झाले आहे. तेव्हा खर्चाच्या भीतीने घरी थांबण्याचे कारण उरलेले नाही.

आजीबाईंनी डिंकाचे लाडू अवश्य करावेत. परंतु सुनेला उपदेश करण्यापूर्वी तिचे वय विचारावे, तिचे रक्त तपासले आहे की नाही, हे विचारावे, आणि तिला काय वाटते, तेही विचारावे.