साक्षात्कार आणि चित्तभ्रम
(लिंबागणेश येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



ज्या भालचंद्राच्या सान्निध्यात आपण जमलो आहोत, त्याच्या आख्यायिकेप्रमाणे शापदग्ध चंद्राने येथे तप केले. चंद्र ही मनाची देवता. तेव्हा मनाच्या क्षयवृद्धीविषयी बोलण्यास याहून उचित स्थळ आम्हांस दिसत नाही.

आपल्या घरांत एक प्रश्न उद्भवतो आणि संकोचामुळे उंबरठ्याबाहेर पडत नाही. तरुण मुलगा अनुष्ठानास बसतो, ध्यान वाढवितो. काही दिवसांनी त्याची झोप उडते, अन्न नकोसे होते, कानी आज्ञा ऐकू येऊ लागतात. घरचे कोणी त्याच्या पाया पडतात, कोणी त्यास खोलीत कोंडतात. (सुनेस असे झाले तर अंगात आले म्हणून सोडून देतात.) हे सारेच मार्ग आमच्या मते घातक होत.

भेद ओळखणे सोपे नाही, हे मान्य. चक्रधरस्वामींचे गुरू, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू यांस तेराव्या शतकात लोक वेडे समजत. आपला 'पिसा' हा शब्दच दोन्ही अर्थांनी चालतो. मेहेरबाबांनी १९३६ साली राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम काढला. ईश्वरप्रेमाने धुंद झालेले 'मस्त' निराळे आणि रोगाने भ्रमिष्ट झालेले निराळे, असे ते सांगत. त्यांचे इंग्रज अनुयायी डॉ. विल्यम डॉन्किन यांनी या मस्तांची हकीकत १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. परंतु ती पारख आपणांपैकी कोणापाशी आहे? आम्हांपाशी तरी नाही. आणि ती आपणांस आहे असे सांगणाऱ्या मांत्रिकापासून दूरच राहावे.

दृष्टान्त कोणता झाला हे विचारीत बसू नये. तो झोपतो का, जेवतो का, हातचे काम पुरे करतो का, कोणी शंका घेतली तर ऐकून घेतो का, एवढे पाहावे. हे ढळले की ध्यान थांबवून त्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. डॉक्टर भक्तीलाच वेड म्हणतील, ही भीती निराधार आहे. समाजातील प्रचलित श्रद्धांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्यविषयक कायदाच सांगतो. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो.

कोणास येथे बोलण्याचा संकोच वाटत असेल, त्यांनी भोजनोत्तर आम्हांस एकांतात भेटावे. अंबाजोगाईपर्यंत सोबत येण्याची आमची तयारी आहे.