पोटगीतला माणूस

‘पोटगी’ हा शब्द मला नेहमी खटकतो. त्यात पोट आहे, माणूस नाही. टाकलेल्या बाईला जगण्यापुरतं काही द्यावं, एवढाच त्याचा अर्थ लोकांनी धरला. पण याच शब्दासाठी आपल्या देशातल्या बायका वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत आल्या आहेत.

इंदूरच्या शाहबानोंचं लग्न १९३२ सालचं. नवरा वकील. पाच मुलं झाली. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आलं. महिना ५०० रुपये मिळावेत म्हणून १९७८ साली त्या कोर्टात गेल्या, तेव्हा वय होतं ६२. खटला चालू असतानाच नवऱ्यानं तलाक दिला. खालच्या कोर्टानं महिना २५ रुपये ठरवले, हायकोर्टानं १७९ रुपये २० पैसे. नवऱ्याला तेही जड झाले आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठानं त्याचं अपील फेटाळलं.

मी तेव्हा शाळेत होते. आमच्या कोकणातल्या घरी संध्याकाळी या निकालावर वाद रंगत. शरियत, राज्यघटना, राजकारण, सगळ्यावर पुरुष बोलत. अम्मी आणि खाला चहाचे कप ठेवून आत जात. आत मात्र त्यांचा एकच प्रश्न असे : ४३ वर्षांच्या संसारानंतर तिनं जायचं कुठं? बाहेरच्या खोलीत त्यावर कुणी बोलत नसे.

दडपण इतकं वाढलं, की शाहबानोंनी निकालाचा लाभ जाहीरपणे नाकारला. १९८६ साली संसदेनं केलेल्या कायद्यामुळे तलाकनंतरची नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरतीच उरली, असं वाटू लागलं. पण २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की तिच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद नवऱ्यानं इद्दतीच्या काळात करायला हवी. २०१७ मध्ये शायराबानोंच्या अर्जावर एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रिया हीच मागणी घेऊन मुंबईत मोर्चानं गेल्या होत्या, ते साल होतं १९६६. मध्ये ५१ वर्षं गेली! १० जुलै २०२४ रोजी न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, की सर्वधर्मीय स्त्रियांसाठीचं पोटगीचं कलम तलाक मिळालेल्या मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे.

हे दुःख एकट्या माझ्या समाजाचं नाही. सातबाऱ्यावर नाव नसताना जन्मभर शेतात राबणारी बाई कुठल्याही धर्माची असो, तिच्या कष्टाचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

म्हणून एक सांगते. लेकीची सोयरीक ठरवताना मेहेरची रक्कम तिला विचारून लिहा. निकाहनामा तिला वाचू द्या. आणि घर कुठल्याही धर्माचं असो, घराच्या कागदावर तिचं नाव लागेल का, हे बोलणी चालू असतानाच विचारा. चारचौघांत थोडा संकोच वाटेल. पण बासष्टाव्या वर्षी कोर्टात उभं राहण्यापेक्षा तो सोसवेल.