अनित्यातील आधार



नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल परिसरातील दहा गावांना आपली घरे, शेते व देवळे सोडावी लागली. दि. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली.

तीर्थंकर भगवंत कोणाचे घर राखत नाहीत, हिरावतही नाहीत. ते मार्ग दाखवितात. बारा भावनांतील पहिली अनित्य, दुसरी अशरण. सारे पालटते, धर्माविना शरण नाही. म्हणून श्रद्धा म्हणजे काहीच बिघडणार नाही ही खात्री नव्हे, तर बिघडले तरी समता ढळू न देण्याचा निश्चय होय.

मात्र अनित्यतेचा बोध स्वतःला करावयाचा असतो. विस्थापित शेजाऱ्याला तो ऐकवू नये. त्याला हात द्यावा. अनुकंपा हेही सम्यक्त्वाचेच लक्षण आहे.